कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचा हिशेब

डिसेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील दुकानांत चित्रकथांचे एक नवे नियतकालिक विक्रीस आले. त्यावर महिना छापला होता मार्च १९४१. मुखपृष्ठावर निळ्या पोशाखातला, छातीवर पांढरा तारा असलेला एक तरुण हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावत होता. भोवतालचे नाझी सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडत होते आणि त्याच्या डाव्या हातात होती एक ढाल. या तरुणाचे नाव कॅप्टन अमेरिका.

त्या वेळी अमेरिका महायुद्धात उतरलेलीही नव्हती. पर्ल हार्बरवरील हल्ला त्यानंतर सुमारे एक वर्षाने, ७ डिसेंबर १९४१ रोजी झाला. हिटलरच्या राजवटीचा धोका आपल्या देशबांधवांना कळावा, या तळमळीने जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी हा नायक निर्माण केला. पुढे कर्बी स्वतः सैन्यात भरती झाले आणि युरोपच्या आघाडीवर गेले.

देशभक्त नायकाच्या हातात त्यांनी बंदूक हे मुख्य शस्त्र म्हणून न देता ढाल दिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ढाल हे रक्षणाचे साधन. पण ही ढाल चित्रकथेत आणि पडद्यावर जी कामे करते, ती पदार्थविज्ञानाच्या नियमांत बसतात का? चला, आज कागद-पेन्सिल घेऊन तिचा हिशेब मांडू या. यासाठी नववी-दहावीचे गणित पुरेसे आहे.

ढालीची थोडी माहिती

पहिल्या अंकातील ढाल वर सरळ आणि खाली निमुळती, अशी त्रिकोणी घाटाची होती. दुसऱ्या एका प्रकाशकाचा ‘द शील्ड’ नावाचा देशभक्त नायक आधीपासून प्रसिद्ध होता. आपल्या नायकाच्या छातीवरील चिलखताशी या ढालीचे फार साम्य आहे, अशी त्या प्रकाशकाने तक्रार केली. म्हणून दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. तिसऱ्या अंकातील एका छोट्या गोष्टीत नायकाने ती प्रथमच फेकून मारली. ती गोष्ट लिहिणारा होकरू लेखक म्हणजे पुढे प्रसिद्धी पावलेले स्टॅन ली.

गोल ढाल फेकायला सोयीची. शिवाय ती स्वतःभोवती फिरत गेली की भोवऱ्याप्रमाणे आपला तोल राखते. मैदानी खेळांतील थाळीही याच कारणाने हवेत कोलांट्या न घेता जाते.

१९६६ साली हा नायक व्यंगचित्रपटांच्या मालिकेतून दूरचित्रवाणीवर आला. १९७९ मध्ये त्याच्यावर दोन दूरचित्रवाणी-चित्रपट निघाले. २०११ पासूनचे मोठ्या पडद्यावरील चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. २०२१ च्या दूरचित्रवाणी मालिकेत तर ही ढाल पुढे कोणी पेलायची, हाच कथेचा विषय होता.

कथेप्रमाणे ही ढाल ‘व्हायब्रेनियम’ नावाच्या काल्पनिक धातूपासून बनली आहे. आदळणाऱ्या वस्तूची सर्व कंपने हा धातू शोषून घेतो, असे सांगतात. चित्रकथेत तिचा व्यास अडीच फूट आणि वजन १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलोग्रॅम दिले आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण तिचे वस्तुमान ६ किलोग्रॅम धरू. एवढ्याच आकाराची व वस्तुमानाची ढाल साध्या पोलादाची केली, तर तिची जाडी दोन मिलिमीटरही भरणार नाही आणि रायफलची गोळी ती सहज भेदून जाईल. तेव्हा ढाल भेदली जात नाही, एवढी एक सवलत आपण कथाकाराला देऊ. बाकीचे सर्व नियम मात्र तिलाही लागू राहतील.

एका गोळीची दोन खाती

समजा, रायफलची गोळी १० ग्रॅम वस्तुमानाची असून तिचा वेग सेकंदाला ८०० मीटर आहे. या गोळीच्या नावावर दोन खाती उघडू.

पहिले खाते संवेगाचे. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग.

०.०१ × ८०० = ८ किलोग्रॅम-मीटर/सेकंद.

दुसरे खाते गतिज ऊर्जेचे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, याचा निम्मा भाग.

½ × ०.०१ × ८०० × ८०० = ३२०० ज्यूल.

आता शेजारी क्रिकेटचा चेंडू ठेवू. त्याचे वस्तुमान १६० ग्रॅम आणि जलदगती गोलंदाजाच्या हातून सुटताना वेग ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. त्याचा संवेग येतो ६.२ आणि ऊर्जा येते सुमारे १२० ज्यूल.

हे आकडे पुन्हा एकदा पाहा. संवेगाच्या बाबतीत गोळी आणि चेंडू जवळजवळ बरोबरीचे आहेत. ऊर्जेच्या बाबतीत मात्र गोळी चेंडूच्या सव्वीसपट आहे. गोळी घातक ठरते ती तिच्या धक्क्यामुळे नव्हे, तर इवल्याशा टोकावर एकवटलेल्या प्रचंड ऊर्जेमुळे.

या दोन खात्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. ऊर्जा अक्षय्य असली तरी ती रूप बदलू शकते. गतीची ऊर्जा उष्णतेत, आवाजात किंवा धातू वाकवण्यात खर्च होते आणि मग ती डोळ्यांना दिसत नाही. संवेगाला असे दुसरे रूप नाही. एका वस्तूचा संवेग कमी झाला की तेवढाच दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूला मिळालाच पाहिजे. यालाच आपण संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतो. थोडक्यात, ऊर्जा गिळता येते, संवेग गिळता येत नाही. कॅप्टन अमेरिकाच्या ढालीचे सारे कोडे या एका वाक्यात आहे.

गोळी ढालीत थांबली तर

नायकाने ढाल घट्ट धरली आहे आणि गोळी तिच्यावर आदळून तेथेच थांबली, असे समजू. नायक ९४ किलोग्रॅम आणि ढाल ६ किलोग्रॅम, मिळून १०० किलोग्रॅम. गोळीचा ८ एवढा संवेग आता या सर्वांना मिळून मिळाला. म्हणून त्यांचा वेग झाला

८ ÷ १०० = ०.०८ मीटर/सेकंद, म्हणजे सेकंदाला अवघे ८ सेंटिमीटर.

मुंगीच्या चालीहून थोडा जास्त असा हा वेग. चित्रपटात गोळी लागलेला माणूस उडून भिंतीवर आपटतो, ते खरे नव्हे. न्यूटनचा तिसरा नियम आठवला तरी ते लगेच ध्यानात येईल. गोळी झाडणाऱ्यालाही निदान तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. तो जर जागेवर उभा राहू शकतो, तर समोरचा का उडावा?

आता ऊर्जा पाहू. १०० किलोग्रॅम वस्तुमान ०.०८ मीटर/सेकंद वेगाने जात असता गतिज ऊर्जा होते ०.३२ ज्यूल. सुरुवातीला होती ३२००. म्हणजे दहा हजारांतील एक भाग गतीच्या रूपात शिल्लक राहिला आणि बाकीची सारी ऊर्जा दुसरीकडे गेली. कोठे गेली? काही भाग गोळी चपटी होण्यात, काही आवाजात, पण अखेर बहुतेक सर्व उष्णतेत.

ती सर्व उष्णता ढालीत राहिली असे मानू. ढालीची विशिष्ट उष्णता पोलादाइतकी, म्हणजे किलोग्रॅममागे एका सेल्सिअस अंशास ४६० ज्यूल धरली, तर ६ किलोग्रॅमची ढाल एक अंशाने तापवण्यास २७६० ज्यूल लागतील. म्हणून एका गोळीमागे ढाल सुमारे १.२ अंशाने तापेल. एका गोळीचे काही वाटणार नाही. पण चकमकीत शंभर गोळ्या लागल्या तर? ढालीचे तापमान ११५ अंशांहून अधिक वाढेल आणि हातातील पट्टा पोळू लागेल. ‘शोषून घेणे’ म्हणजे नाहीसे करणे नव्हे, हे येथे लक्षात येते.

आता धक्का पाहू. मशीनगनमधून सेकंदाला १० गोळ्या येऊन ढालीत थांबत असतील, तर सेकंदाला ८० एवढा संवेग येतो. सेकंदाला होणारा संवेगातील बदल म्हणजेच बल. म्हणून बल झाले ८० न्यूटन, म्हणजे सुमारे ८ किलोग्रॅम वजनाचा भार. जोरदार खरा, पण पाय रोवून उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला पेलण्याजोगा. या बाबतीत चित्रकथा फारशी चुकत नाही.

गोळी उसळून गेली तर

गोळ्या ढालीवरून ठणठण उसळून जातानाही आपण पाहतो. अशा वेळी धक्का कमी बसेल की जास्त? बहुतेक विद्यार्थी ‘कमी’ असे उत्तर देतात. गोळी निघूनच गेली, मग धक्का कसला, असे त्यांना वाटते. पण हिशेब करून पाहा. गोळी सरळ आदळून तेवढ्याच वेगाने उलट परतली, तर तिचा संवेग +८ वरून –८ झाला. बदल झाला १६. तेवढाच संवेग ढालीला मिळणार. म्हणजे धक्का दुप्पट आणि मशीनगनचा भार ८० ऐवजी १६० न्यूटन.

यावर विश्वास बसत नसेल तर पुढील प्रयोग करा. शाळेत तो पाच मिनिटांत दाखवता येतो.

एक रबराचा चांगला उसळणारा चेंडू घ्या. तेवढ्याच वजनाचा घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा करा. दोन्ही सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगा. समोर एक उंच, अरुंद लाकडी ठोकळा उभा करा. कणीक चिकटू नये म्हणून त्याला थोडे कोरडे पीठ चोळा. आता रबरी चेंडू थोडा मागे ओढून सोडा, तो ठोकळ्याच्या वरच्या भागावर आदळू द्या. ठोकळा जेमतेम पडेल एवढी उंची शोधून काढा. मग ठोकळा पुन्हा उभा करून कणकेचा गोळा तेवढ्याच उंचीवरून सोडा. ठोकळा डगमगेल, पण पडणार नाही. वस्तुमान तेच, वेग तोच; तरीही उसळणाऱ्या चेंडूने दिलेला धक्का मोठा ठरतो. शिक्षकांनी प्रयोगापूर्वी विद्यार्थ्यांना आपापला अंदाज वहीत लिहावयास सांगावे.

दोन गुण, एक ढाल

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. कथेतील ढाल दोन कामे करते. गोळीची व ठोशाची ऊर्जा ती पूर्ण शोषून घेते. आणि नायकाने फेकली की एका भिंतीवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या अशी उसळत पुन्हा त्याच्या हाती येते.

उसळी मोजण्याची एक सोपी रीत आहे. आदळण्यापूर्वीचा वेग १ धरला, तर आदळल्यानंतरचा वेग किती, हा झाला उसळीचा गुणांक. कणकेचा गुणांक शून्य. चांगल्या रबरी चेंडूचा ०.८ च्या आसपास. पूर्ण स्थितिस्थापक टक्कर असेल तर १.

ढाल सेकंदाला २० मीटर वेगाने फेकली आणि गुणांक ०.८ असला, तर पहिल्या भिंतीनंतर वेग १६, दुसरीनंतर १२.८ आणि तिसरीनंतर सुमारे १० मीटर राहील. हवेचा विरोध आपण सोडून दिला आहे, तरीही निम्मा वेग गेला. ऊर्जा तर १२०० ज्यूलवरून सुमारे ३१५ ज्यूलवर आली. एवढे चालेल, ढाल हाती येईल. पण ढाल सर्व ऊर्जा शोषणारी असेल तर तिचा गुणांक शून्य. मग ती पहिल्याच भिंतीवर आदळून कणकेच्या गोळ्याप्रमाणे धप्पकन खाली पडेल. नायकाला ती उचलून आणावी लागेल!

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, “सर, गुणांक एका वस्तूचा नसतो, आदळणाऱ्या दोन्ही वस्तूंवर मिळून ठरतो. शिसे मऊ म्हणून गोळी चपटी होऊन थांबेल आणि टणक भिंतीवर मात्र ढाल उसळेल.” शंका अगदी योग्य आहे. पण मग ऊर्जा शोषली कोणी? चपट्या झालेल्या गोळीने! ढाल केवळ टणक असली तरी पुरे, व्हायब्रेनियमच्या जादूची गरजच उरत नाही. उलट, शोषण्याचा गुण ढालीचा स्वतःचा मानला, तर भिंतीवरची उसळी सोडून द्यावी लागते. दोन्हींपैकी एक निवडावेच लागेल.

उंचावरून उडी

ढाल अंगाखाली धरून नायक उंच इमारतीवरून उडी घेतो आणि सुखरूप उठतो, हेही दृश्य आपल्या ओळखीचे आहे. २० मीटर उंचीवरून पडणाऱ्याचा जमिनीजवळचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर होतो. ढाल वाकत नाही. जमीन व शरीर मिळून फार तर ५ सेंटिमीटर दबले असे मानू. थांबण्याचे त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट.

(२० × २०) ÷ (२ × ०.०५) = ४००० मीटर/सेकंद²

हे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०० पट आहे. माणसाचा मेंदू आणि हृदय याला टिकाव धरणार नाहीत. येथे ढालीचा न वाकण्याचा गुणच घातक ठरतो. संवेग शून्यावर आणायचाच आहे. तो किती अंतरात आणायचा, एवढेच आपल्या हाती असते. अंतर वाढवले की बल कमी होते. म्हणूनच झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो.

आपल्याकडील जुन्या ढाली संग्रहालयात पाहिल्यात तर त्यांची मागची बाजू अवश्य निरखा. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या जाड कातड्याच्या त्या ढालींना आत, मूठ धरण्याच्या जागी, एक छोटी गादी शिवलेली असते. वार ढालीवर आला तरी त्याचा संवेग हातापर्यंत येणार, हे ढाल बनवणाऱ्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते.

आजच्या खऱ्या ढाली

१९६५ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेच्या संशोधनातून केव्हलार नावाच्या धाग्याचा शोध लागला. समान वजनाच्या पोलादाच्या तुलनेत तो सुमारे पाचपट बळकट असतो. त्याच्या अनेक थरांचे बंडीसारखे चिलखत पोलीस वापरतात. पिस्तुलाची गोळी या थरांत अडकते. धागे ताणले जातात, तुटतात आणि ऊर्जा मोठ्या क्षेत्रावर पसरते. तरी संवेग अंगापर्यंत पोहोचतोच. म्हणून अमेरिकेतील मानकानुसार चाचणी करताना चिलखतामागे मातीसारखा मऊ पदार्थ ठेवतात आणि त्यात पडलेला खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल नसावा, असे पाहतात. गोळी आरपार न जाणे एवढ्यावर परीक्षा संपत नाही.

तुमच्या-आमच्या घरातली ढाल म्हणजे हेल्मेट. दुचाकीवरून पडताना डोके साधारण दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले, असे समजा. आदळण्याचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५.४ मीटर. उघडे डोके ३ मिलिमीटर अंतरात थांबले तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ५०० पट होते. हेल्मेटच्या कवचाआड थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर असतो. तो चुरडत जाऊन डोके २५ मिलिमीटर अंतरात थांबले, तर तेच त्वरण ६० पटींवर येते. जीव वाचणे आणि न वाचणे यांत एवढेच अंतर, बावीस मिलिमीटर!

हा थर चुरडला गेला तरच तो आपले काम करतो. एकदा चुरडलेला थर पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही दुचाकीस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले आहे. ते घेताना आयएसआय चिन्ह आणि ४१५१ हा मानक क्रमांक पाहून घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधा. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते.

सायमन आणि कर्बी यांनी आपल्या नायकाला अभेद्य ढाल दिली, कारण त्यांना त्याला प्रत्येक अंकाच्या शेवटी जिवंत ठेवायचे होते. आपल्या ढाली अभेद्य नाहीत. त्या स्वतः मोडतात आणि आपल्याला वाचवतात.

स्वाध्याय

१. पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदाला ४०० मीटर आहे. तिचा संवेग व गतिज ऊर्जा काढा आणि क्रिकेटच्या चेंडूशी तुलना करा.

२. नायक गुळगुळीत बर्फावर उभा राहून ढाल सेकंदाला २० मीटर वेगाने फेकतो. त्याचे वस्तुमान ९४ किलोग्रॅम व ढालीचे ६ किलोग्रॅम असल्यास तो कोणत्या वेगाने मागे घसरेल?

३. सेकंदाला १० मीटर वेगाने परतणारी ढाल हात अर्धा मीटर मागे नेत झेलली, तर सरासरी किती बल लागेल? हात केवळ ५ सेंटिमीटर मागे नेला तर किती?

४. गोळी ढालीवर तिरपी आदळून निसटती गेली, तर धक्का सरळ उसळणाऱ्या गोळीपेक्षा कमी का बसेल? आकृती काढून सांगा.